थिंकिंग ब्लॉगर पुरस्कार

थिंकिंग ब्लॉगर पुरस्कार : अनुदिनी (ब्लॉग) लिहिणाऱ्यांनी एकमेकांना दिलेला आणि हस्ते परहस्ते पसरत गेलेला एक मान. ज्यांचे लेखन आपल्याला विचारात पाडते अशा पाच अनुदिनी निवडायच्या, आपल्या नोंदीत त्यांचे दुवे द्यायचे आणि त्या पाच जणांनी पुढे आपापले पाच निवडायचे, असे त्याचे स्वरूप. परीक्षक, प्रवेशिका, रोख रक्कम यांतले काहीच नसल्याने रूढ अर्थाने हा पुरस्कार नव्हे. तरीही घेणाऱ्याच्या लेखी तो खरा असतो, कारण देणाऱ्याने त्याचे लेखन वाचलेले असते. इंग्रजीत पुढच्याला ‘टॅग’ करणे म्हणतात, त्याला मराठी अनुदिनीकार ‘खो देणे’ म्हणत आले आहेत. हा शब्द अधिक नेमका आहे. खो मिळालेल्याला बसून राहता येत नाही.

उगम : ‘द थिंकिंग ब्लॉग’ या इंग्रजी अनुदिनीवर फेब्रुवारी २००७ मध्ये याची सुरुवात झाली. मूळ नियम तीनच होते. खो मिळाला असेल तरच पाच अनुदिनींचे दुवे देणारी नोंद लिहावी. मूळ नोंदीचाही दुवा द्यावा, म्हणजे साखळी कोठून निघाली ते कोणालाही सापडेल. आणि इच्छा असल्यास पुरस्काराचे चिन्ह आपल्या पानावर लावावे. हे चिन्ह रुपेरी व सोनेरी अशा दोन रूपांत उपलब्ध होते. यातला दुसरा नियम दिसायला किरकोळ, पण त्याच्यामुळेच या पुरस्काराचा उगम सांगताना फारसा वाद उद्भवत नाही.

त्याच जातीच्या ‘लिबस्टर’ पुरस्काराशी तुलना केली की हे महत्त्व ध्यानात येते. लिबस्टर साधारणपणे २०१०-११ च्या सुमारास प्रचारात आला असावा. नाव जर्मन आहे व त्याचा अर्थ ‘सर्वांत प्रिय’. केवळ नावावरून उगम ठरवणे धोक्याचे असले, तरी जर्मन भाषिक अनुदिनींतून तो आला हे मत अधिक ग्राह्य वाटते. नियमांत मात्र एकवाक्यता नाही. पुढे किती जणांना द्यायचा हा आकडा कोठे तीन, कोठे पाच, तर नंतरच्या पाठांत (नियमांच्या आवृत्त्यांत) अकरा असा आढळतो. अकरांच्या पाठात स्वतःविषयी अकरा गोष्टी आणि अकरा प्रश्नांची उत्तरेही मागितली जातात. होतकरू अनुदिनींनाच तो द्यावा म्हणून अनुयायांची मर्यादा घातलेली असते, ती कधी २०० तर कधी ३,००० दिसते. नियमांची यादी हातोहाती जाताना बहुधा वाढते, म्हणून कमी मागण्या असलेला पाठ जुना मानणे सयुक्तिक ठरेल.

अशा पाठभेदांचा अभ्यास साखळी-पत्रांच्या, म्हणजे नकला काढून पुढे पाठवा असे सांगणाऱ्या पत्रांच्या, बाबतीत झाला आहे. चार्ल्स बेनेट, मिंग ली व बिन मा यांनी १९८० ते १९९५ या काळात जमवलेल्या ३३ साखळी-पत्रांची वंशावळ, जीवशास्त्रज्ञ जनुकांवरून सजीवांची लावतात त्या धर्तीवर लावली. त्यांचा लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. साखळी-पत्राशी असलेले हे नाते काही जणांना कमीपणाचे वाटते. पण साखळी-पत्र साखळी तोडणाऱ्याला अनिष्टाची भीती घालते. येथे साखळी तोडली तर काहीच होत नाही. शिवाय साखळी-पत्र कोणालाही धाडता येते, येथे निवड करावी लागते, आणि निवडायचे तर आधी वाचावे लागते. हा फरक मोठा आहे.

प्रसार : प्रत्येकाने नियम पाळला, तर सहाव्या फेरीत १५,६२५ आणि दहाव्या फेरीत ९७,६५,६२५ खो दिले जातील. प्रत्यक्षात असे होत नाही. पुष्कळ जण पुढे खो देत नाहीत, आणि परस्परांना वाचणाऱ्या मंडळींत तीच नावे फिरून येतात. डेव्हिड लिबेन-नोवेल व जॉन क्लाइनबर्ग यांनी ई-मेलने फिरलेल्या एका निवेदनाचा माग काढला (२००८), तेव्हा ते कोणाकडून कोणाकडे गेले हे दाखवणारा वृक्ष फोफावलेला नव्हे, तर अरुंद आणि शेकडो पायऱ्या खोल निघाला.

अर्थ : फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉसने १९२५ मध्ये देणग्यांविषयी मांडलेली देणे, घेणे व परत करणे ही तीन बंधने येथेही दिसतात, मात्र परतफेड देणाऱ्याला न होता तिसऱ्याला होते. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनॉव्हस्कीने १९२२ मध्ये वर्णिलेल्या, न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवरील ‘कुला’ देवघेवीत शंखांचे अलंकार असेच पुढे जातात. पण तेथे वस्तू हातची जाते, येथे चिन्ह आपल्याजवळ राहूनही पुढे जाते. दुसरा पक्ष याकडे दुवे मिळवण्याची युक्ती म्हणून पाहतो. त्यात तथ्य आहे : गूगलच्या क्रमवारीत दुव्याला मताचे मोल होते, आणि टेक्नोराती ही अनुदिनी शोधून देणारी सेवा मागील १८० दिवसांत किती अनुदिनींनी दुवा दिला यावरून एखाद्या अनुदिनीचे वजन ठरवीत असे. तरी निव्वळ हिशेबाने या नोंदींचा उलगडा होत नाही. नमुनेदार नोंदीत नावापुढे दोन-तीन ओळी असतात : हिचे म्हणणे मला पटत नाही पण वाचल्यावर दिवसभर डोक्यातून जात नाही, याच्या प्रतिक्रियांत अनोळखी माणसे एकमेकांशी सभ्यपणे वाद घालतात. दुव्यापुरता दुवा द्यायचा, तर या ओळी लिहिण्याची गरज नव्हती.

ओहोटी : समाजमाध्यमांवर एका टिचकीत पसंती कळवता येऊ लागल्यावर प्रथा मंदावली. त्याआधीच काही अनुदिनीकारांनी ‘येथे पुरस्कार स्वीकारले जात नाहीत’ अशा आशयाचे चिन्ह लावण्यास सुरुवात केली होती. ओळीने येणाऱ्या खोंना उत्तरे देण्यात लिहिण्याचा वेळ जाई. जुन्या पानांवर चिन्हाच्या जागी आता पुष्कळदा रिकामा चौकोन दिसतो. त्याखालची पाच नावे आणि त्यांच्यापुढच्या ओळी मात्र शाबूत असतात, आणि बंद पडलेल्या कित्येक अनुदिनींचा माग त्यांवरूनच लागतो.