सँडी कोफॅक्स

कोफॅक्स, सँडी : (जन्म ३० डिसेंबर १९३५, ब्रुकलिन, न्यूयॉर्क). अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमधील डावखुरा पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू). १९५५ ते १९६६ अशी बारा वर्षे तो डॉजर्स या एकाच संघाकडून खेळला. संघ १९५८ मध्ये ब्रुकलिनहून लॉस अँजेलिसला गेला, तेव्हा तोही गेला. या बारा वर्षांचे सरळ दोन तुकडे पडतात आणि पहिल्या तुकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज कोणालाही आला नसता.

सिनसिनाटी विद्यापीठात तो बास्केटबॉलही खेळला. बेसबॉलमधल्या त्याच्या चेंडूचा वेग पाहून डॉजर्सनी त्याला १४,००० डॉलर बोनस देऊन करारबद्ध केले. त्या काळच्या नियमानुसार एवढा बोनस घेणाऱ्या खेळाडूला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे लागे. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर रणजी न खेळताच थेट कसोटी संघात, तेही बहुतेक वेळ बाकावर. शिकायला जागाच मिळाली नाही. चेंडू भन्नाट जाई, पण कुठे जाईल याचा भरवसा नसे. पहिल्या सहा मोसमांत ३६ विजय आणि ४० पराभव एवढीच जमा होती. १९६० चा मोसम संपल्यावर त्याने आपले सामान कचऱ्यात टाकले आणि संघाचे सामान सांभाळणाऱ्या नोब कावानोने ते उचलून ठेवले, असे सांगतात.

१९६१ च्या वसंतातील एका सराव सामन्यात तो पुन्हा भरकटला, तेव्हा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) नॉर्म शेरीने त्याला जोर थोडा कमी करायला सांगितले. वेग फारसा घटला नाही, दिशा मात्र सापडली. त्या मोसमात त्याने २६९ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि नॅशनल लीगमधला (अमेरिकेतल्या दोन मुख्य लीगपैकी एक) क्रिस्टी मॅथ्यूसनचा १९०३ पासूनचा २६७ चा विक्रम मोडला. त्याच्याकडे मुख्यतः दोनच चेंडू होते: सरळ वेगवान आणि वरून खाली कोसळणारा कर्व्ह. शिवाय बेसवर (धाव घेताना गाठायच्या ठिकाणी) धावपटू असताना त्याच्या कोपरांच्या ठेवणीवरून पुढचा चेंडू कोणता, हे चाणाक्ष फलंदाज ओळखत. ओळखूनही तो मारता येत नसे.

१९६२ ते १९६६ अशी सलग पाच वर्षे नऊ डावांमागे सर्वांत कमी धावा देणारा नॅशनल लीगचा पिचर तोच होता. १९६३ मध्ये २५ विजय, ५ पराभव, १.८८ ची सरासरी. वर्ल्ड सिरीजच्या (दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेच्या) पहिल्या सामन्यात यांकीज संघाचे १५ फलंदाज स्ट्राइकआउट. दोन्ही लीगना मिळून साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम पिचरचा) एकच असे, तेव्हा तो त्याने तीनदा एकमताने मिळवला. डॉजर स्टेडियम पिचरना धार्जिणे होते आणि १९६३ पासून स्ट्राइक झोनही (ज्या चौकटीतून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो ती) वाढला होता, हे खरे. पण त्याच मैदानावर, त्याच नियमांखाली बाकीचेही खेळत होते. १९६२ पासून सलग चार मोसमांत त्याने दरवर्षी एक नो-हिटर (प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, मारू न दिलेला सामना) टाकला. चौथा, ९ सप्टेंबर १९६५ चा, तर परफेक्ट गेमच होता, म्हणजे एकही फलंदाज बेसवर पोचला नाही: शिकागो कब्जचे २७ फलंदाज आले आणि २७ ही परतले. समोरचा पिचर बॉब हेंडली याने अख्ख्या सामन्यात एकच हिट दिली, तरी तो १-० ने हरला. इतक्या चांगल्या खेळाला इतकी वाईट रात्र क्वचित लाभत असेल.

त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना योम किप्पुर या ज्यू सणाच्या दिवशी आला. ज्यू धर्मीय कोफॅक्स त्या पवित्र दिवशी खेळला नाही. दुसरा सामना तो हरला, पाचवा जिंकला आणि जेमतेम दोन दिवसांच्या विश्रांतीवर मिनेसोटात सातवाही २-० ने जिंकून दिला.

हे सगळे चालले होते ते दुखऱ्या हातावर. ऑगस्ट १९६४ मध्ये दुसऱ्या बेसवर परत झेपावताना तो डाव्या कोपरावर आपटला. पुढे तिथे संधिवाताचे निदान झाले. सामन्याआधी मिरचीच्या अर्काचे झोंबणारे मलम, नंतर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले कोपर, मध्ये कॉर्टिसोनची इंजेक्शने आणि वेदनाशामक गोळ्या. हात पुरता सरळ होईना म्हणून कोटाची डावी बाही आखूड करून घ्यावी लागली. अशा हाताने त्याने १९६५ मध्ये ३८२ स्ट्राइकआउट केले. १९७३ मध्ये नोलन रायनने ३८३ करेपर्यंत तो आधुनिक काळातला विक्रम होता.

१९६६ च्या वसंतात त्याने आणि संघातला दुसरा पिचर डॉन ड्रायस्डेल याने मिळून पगारवाढीसाठी सरावाला जायचे नाकारले. खेळाडू क्लबशी बांधलेले असत त्या काळात हे धाडस होते. कोफॅक्सला शेवटी १,२५,००० डॉलर मिळाले. त्या मोसमात २७ विजय आणि १.७३ ची सरासरी, म्हणजे कारकिर्दीतले सर्वोत्तम आकडे नोंदवून १८ नोव्हेंबरला त्याने निवृत्ती जाहीर केली. वय ३० होते. पुढचे आयुष्य धड हातापायांनी जगायचे आहे, हे त्याचे कारण.

एकूण १६५ विजय, ८७ पराभव, २,३९६ स्ट्राइकआउट. १९७२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात) गेला. इतक्या तरुण वयात तिथे आणखी कोणी पोचलेले नाही. त्याच वर्षी डॉजर्सनी त्याचा ३२ क्रमांक कायमचा राखून ठेवला. २०२२ मध्ये डॉजर स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला, ज्याच्यासोबत त्याने पहिले दोन मोसम काढले त्या जॅकी रॉबिन्सनच्या पुतळ्याशेजारी.