मोठ्याने की मनातल्या मनात? मराठी ख्रिस्ती उपासनेतील एका वादाची पार्श्वभूमी

आत्म्याने व खरेपणाने उपासना करावी, या बायबलमधील वचनावर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत वारंवार उपदेश होतात. त्यानंतरची चर्चा मात्र बहुधा एकाच मुद्द्यावर अडते. डोळ्यांतले पाणी, उंचावलेले हात आणि सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने केलेली प्रार्थना ही अंतःकरणापासूनच्या उपासनेची खूण मानायची, की तो भावनेचा भर समजून सौम्यपणे आवरायचा? हा प्रश्न गेल्या वीस-तीस वर्षांतल्या नव्या मंडळ्यांनी आणला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती आश्रमात, तो १९०५ मध्येच, आणि आजच्यापेक्षा कितीतरी अधिक गांभीर्याने, उपस्थित झाला होता.

त्याआधीचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. १६१६ मध्ये गोव्यात ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या बाजूला ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली. म्हणजे मराठी भक्तीच्या वळणाने ख्रिस्ताचे गुणगान करण्याला विरोध होता असे नाही. तरीही रविवारच्या उपासनेचा सांगाडा परदेशी राहिला: ठरलेला क्रम, भाषांतरित गीते, एकाने प्रार्थना करायची आणि बाकीच्यांनी शेवटी आमेन म्हणायचे.

केडगावच्या आश्रमात तेव्हा दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा मोठ्या संख्येने राहत होत्या. १९०५ च्या आरंभी तेथे प्रार्थनेसाठी रोज एकत्र जमण्याचा परिपाठ सुरू झाला आणि जमणाऱ्यांची संख्या वाढत जाऊन साडेपाचशेच्या घरात पोहोचली. जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी आश्रमाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असताना मुली रडू लागल्या आणि सगळ्या एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. तो आवाज इतका वाढला की पंडितांना आपले बोलणे थांबवावे लागले. पुढचे कित्येक दिवस नित्याचे वर्ग आणि कामे बाजूला पडली.

येथे जो निर्णय घेतला गेला, त्यावर आजही मतभेद आहेत. मुलींना गप्प करून शिस्त लावणे पंडितांना सहज शक्य होते. सर्व काही व्यवस्थित व्हावे हे करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातील वचनही हाताशी होते, आणि टीकाकारांनी ते पुढे केलेच. पंडितांनी मात्र प्रार्थना चालू राहू दिली. दोन वर्षांनी आश्रमाच्या पत्रिकेत त्यांनी आपली बाजू मांडली. पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी भारतीय मनाची धार्मिक ओढ आणि भावनेची बाजू आधी अभ्यासावी, भक्तिसभा पाश्चात्त्य शिष्टाचारांत बसवण्याचा आग्रह धरू नये, असा त्यांचा आशय होता. बाप्तिस्मा घेतलेल्या, संस्कृत विद्येत मुरलेल्या आणि इंग्रजी समाज जवळून पाहिलेल्या स्त्रीने हे म्हणावे, याचे वजन त्या काळी पुरेसे ओळखले गेले नाही, असे माझे मत आहे.

टीका सर्वस्वी निराधार होती असेही नाही. हजारो मैलांवरच्या वेल्समधील संजीवनाच्या, म्हणजे तिथल्या मंडळ्यांत आलेल्या धार्मिक जागृतीच्या, बातम्या केडगावात आधीच पोहोचल्या होत्या, तेव्हा अनुकरणाची शंका येणे स्वाभाविक होते. शिवाय एकत्र राहणाऱ्या तरुण मुलींत भावनेची लाट पसरायला वेळ लागत नाही. पण या सगळ्या वादात आवाजाचीच चर्चा झाली आणि त्या दिवसांतला क्रम दुर्लक्षित राहिला. आधी पापाची जाणीव आणि कबुली, मग आनंद, आणि त्यानंतर इतरांसाठी प्रार्थना व आसपासच्या खेड्यांत सुवार्तेसाठी जाणे, असे तो चालला होता. उपासना मनापासूनची होती की नाही हे पाहायचेच असेल, तर ते या क्रमात पाहावे. रडणे हा त्यातला केवळ पहिला टप्पा होता.

१९०६ च्या अखेरीस अन्य भाषांत बोलण्याचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत प्रार्थना करण्याचा, अनुभव केडगावात आला आणि प्रकरण अधिक गुंतागुंतीचे झाले. पंडितांनी ते दान नाकारले नाही. मात्र पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची तीच एकमेव आणि आवश्यक खूण आहे, याला शास्त्रात आधार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. पुढे जगभर ज्या मुद्द्यावरून मंडळ्या फुटल्या, त्यावर हे मत इतक्या लवकर मांडले गेले होते. त्याच काळात नगरकडचे कवी-पाळक ना. वा. टिळक अभंगांच्या वाटेने याच प्रश्नाकडे गेले आणि १९१७ मध्ये मिशनच्या चौकटीतून बाहेर पडले.

त्यानंतरचे बदल वेगाने झाले. १९६२ ते १९६५ या काळातील व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासना लोकभाषांत आली आणि १९७० च्या दशकात कॅथलिकांमध्येही करिश्माई, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या, प्रार्थनासभा भरू लागल्या. त्याच सुमारास, १९७० मध्ये, नागपूर येथे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एका छत्राखाली आल्या, आणि प्रत्येकीचा वेगळा उपासनाक्रम एकत्र नांदवण्याचे काम मागे उरले. आता की-बोर्ड, पडद्यावर उमटणारे शब्द आणि हिंदी गीते शहरी मंडळ्यांत सरसकट दिसतात, तर वस्तीवरच्या प्रार्थनेत टाळ अजून टिकून आहेत. काही ठिकाणी तर एकत्र मोठ्याने प्रार्थना करण्याला छापील क्रमातच जागा दिलेली असते: उपदेशानंतर, दानार्पणाच्या आधी, पाच मिनिटे.