मोठ्या जातीच्या कुत्र्यांचा आहार (कोकण किनारा)

पूर्ण वाढ झाल्यावर साधारण २५ किलोंच्या वर भरणारी कुत्री मोठ्या जातीची मानली जातात. कोकणात घर आणि बाग राखायला लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डोबरमन पाळले जातात. त्यांची उपासमार फारशी होत नाही. बिघडते ते लाडाने.

सर्वांत नाजूक काळ पिल्लाचा. ही पिल्ले १२ ते १८ महिने वाढत राहतात. भरमसाट चारून ती लवकर जड झाली की कोवळ्या सांध्यांवर भार येतो आणि मुळात तसा कल असलेल्या पिल्लात खुब्याचा सांधा सैल पडण्याचा विकार बळावतो. शिवाय सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचे आतडे जादा कॅल्शियम अडवू शकत नाही. संतुलित तयार खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचे औषध पाजायची हौस म्हणूनच अंगाशी येते. याच्या उलट, पेज, भात आणि काटे काढलेली मासळी एवढ्यावरच वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडते. तिथे किती द्यायचे हे पशुवैद्यानेच ठरवावे.

मोठ्या कुत्र्याच्या बरगड्या हाताला सहज लागाव्यात, वरून पाहता कंबर दिसावी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ४८ लॅब्रॅडोरांच्या अभ्यासात पाव हिस्सा कमी खाल्लेली कुत्री सरासरी सुमारे पावणेदोन वर्षे जास्त जगली. गुबगुबीत लॅब्रॅडोर पाहून ‘खात्यापित्या घरचा’ म्हणणाऱ्यांना हे पटत नाही.

रोजचे अन्न दोन-तीन वेळांत विभागावे. रात्री एकदाच परातभर भात ओतण्याची पद्धत खोल छातीच्या जातींना धोक्याची, कारण पोट फुगून त्याला पीळ पडू शकतो. पोट टणक लागते, लाळ गळते, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. शस्त्रक्रियेविना कुत्रे काही तासांत दगावते. जेवणाआधी आणि नंतर तासभर पळवू नये.

बांगडा, तारली ही उत्तम प्रथिने, पण उकडून, काटे काढून आणि बिनमिठाची. कच्च्या तारलीत थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते, ते शिजवल्यावर निकामी होते. सुकट आणि खारवलेला बांगडा मिठामुळे टाळावा. कालवणाचा उरलेला रस्सा तर नकोच: वाटपातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. खोबऱ्याचा चव चिमूटभर चालतो. तेलकट जास्त झाले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

पावसाळ्यात तयार खाद्याची उघडी पिशवी दमट हवेने बुरसटते आणि बुरशीचे विष यकृतावर जाते. लहान पिशवी आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कुबट वास आला तर फेकून द्यावी. उन्हाळ्यात निराळे लक्ष हवे: आंब्याचा बाठा चोखता चोखता हे कुत्रे तो सबंध गिळते, आणि आतड्यात अडकला तर पोट उघडूनच काढावा लागतो.