भाव कशानं पडला? जवसानं शिकवलेलं गणित

तुरीचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडच्या पेपरात बातमी ठरलेली: 'आवक वाढली, भाव पडले'. एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पात मग बाजार समितीची आवक आणि भाव घेऊन रिग्रेशन चालवतात, म्हणजे आकड्यांच्या बिंदूंतून सर्वांत जवळून जाणारी रेषा काढतात, आणि निघालेल्या रेषेला 'तुरीची मागणी' म्हणतात. पदव्युत्तर वर्गातही हा गैरसमज घट्ट बसलेला आहे.

बारावीतली आकृती आठवा. मागणीचा वक्र उतरतो, पुरवठ्याचा चढतो, दोन्ही छेदतात तिथं भाव ठरतो. बाजार समितीच्या नोंदीत आपल्याला फक्त हे छेदबिंदू मिळतात, वक्र नाहीत. एका वर्षी पाऊस साधला म्हणून पुरवठा सरकला. दुसऱ्या वर्षी अकोल्याच्या दालमिलांनी जास्त माल उचलला म्हणून मागणी सरकली. कधी म्यानमार-मोझांबिकची तूर उतरली. अशा बिंदूंतून ओढलेली रेषा म्हणजे दोन्ही वक्रांची खिचडी.

यातून वाट निघाली ती जवसामुळं. भंडारा-गोंदियाकडं धान उभा असतानाच बांधीत उतेरा म्हणून फेकतात, भाजून लसूण-मिरचीसोबत कुटून चटणी करतात, तेच जवस. त्याचं तेल रंग आणि व्हार्निशला लागतं. अमेरिकेत तेलांवरच्या आयातकराचा अभ्यास करताना अर्थशास्त्रज्ञ फिलिप राइट यांना जवसाच्या मागणीची लवचिकता हवी होती, म्हणजे भाव एक टक्का बदलला की मागणी किती टक्के बदलते तो आकडा. 1928 सालच्या त्यांच्या पुस्तकाच्या 'परिशिष्ट ब'मध्ये उत्तर आहे, आणि मला ते अर्थमितीतलं, म्हणजे आकडेवारीनं अर्थशास्त्र तपासणाऱ्या शाखेतलं, सर्वांत सुंदर उत्तर वाटतं.

पुरवठा हलवेल पण मागणीला हात लावणार नाही, अशी गोष्ट शोधा. राइट यांनी एकरी उतारा घेतला. हवामानानं उतारा घटला तर पुरवठा सरकतो. पण रंगाच्या कारखान्याला किती तेल हवं, हे शेतातल्या उताऱ्यावर ठरत नाही. मागणीचा वक्र जागेवर राहतो, पुरवठा त्याच्यावरून सरकतो. समजा, उतारा घटलेल्या वर्षांत भाव सरासरी 10 टक्के चढला आणि खप 5 टक्के घटला, तर लवचिकता उणे 0.5. उलट, पुरवठ्याचा वक्र हवा असेल तर मागणी हलवणारी गोष्ट घ्यायची: सरकीसारख्या पर्यायी तेलबियांचा भाव.

अशा गोष्टीला साधन चल (चल म्हणजे बदलणारी राशी) किंवा नुसतं साधन म्हणतात. साधनं अनेक असली की टू-स्टेज लीस्ट स्क्वेअर्स वापरतात. पहिल्या टप्प्यात साधनांवरून भावाचा अंदाज काढायचा, दुसऱ्यात खऱ्या भावाच्या जागी तो अंदाज घालायचा. अंदाजात साधनांमुळं झालेली हालचालच उरते, बाकीची गाळली जाते. साधन भावाला किती जोरानं हलवतं ते सांगणारा पहिल्या टप्प्याचा आकडा, एफ, 10 च्या खाली आला तर साधन दुर्बळ समजतात आणि उत्तर पुन्हा साध्या रिग्रेशनच्या चुकीकडं झुकतं. 2021 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमधला अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांचा वाटा याच विचाराच्या पुढच्या कामासाठी होता.

एफसारखी, आपलं उत्तर कुठं चुकू शकतं हे तपासण्याची सोयच महत्त्वाची. भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत अक्षय्य तृतीयेनंतर गाजतं, पण त्याला शास्त्रीय आधार नाही. आणि 'एआय'च्या नावानं भाव सांगणारं ॲप आपली चूक किती ते सांगत नसेल, तर त्याच्या भरवशावर सोयाबीन घरात अडवून ठेवू नये.

आता विदर्भात साधन कोणतं? हिंगणघाटच्या कापसाला तालुक्याचा पाऊस चालणार नाही. तिथला भाव देशोदेशीच्या बाजारावर आणि हमीभावावर हलतो, म्हणजे साधन दुर्बळ. आपल्या खेड्यांतल्या घरांची तूरडाळीची मागणी मोजायला तर तालुक्याचा पाऊस त्याहून वाईट: पाऊस चांगला झाला की त्याच घरांच्या हातात पैसा येतो, आणि मागणीही हलते. एफ कितीही मोठा आला तरी हा दोष दिसत नाही. तो गावची माहिती असलेल्यालाच कळतो. त्यापेक्षा कर्नाटकातल्या तुरीच्या पट्ट्याचा, कलबुर्गीचा पाऊस घ्यावा. तिथली तूर कमी आली की इथली डाळ महागते, पण इथल्या शेतकऱ्याचा खिसा त्या पावसानं भरत नाही. मात्र मान्सून दोन्हीकडं एकच, म्हणून आपल्या तालुक्याचा पाऊस दोन्ही टप्प्यांत वेगळा चल म्हणून घालावा लागेल.