चांदणीसाठी उलटलेली पानं

माझा मुलगा दुसरीत होता तेव्हा त्याच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता होता. पुस्तक वाचून झालं की नावापुढे चांदणी. महिन्याभरात त्याला सोळा चांदण्या मिळाल्या आणि मी हरखून गेले. पण कुठल्याच पुस्तकातली गोष्ट त्याला धड सांगता येईना. सगळ्यांत पातळ पुस्तकं निवडून तो नुसती पानं उलटत होता.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलं चित्रं काढण्यात रमणारी होती. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे बक्षीस नसताना याच मुलांनी रंगीत पेनं कमी वेळ हातात घेतली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं किंवा मिळालंच नाही, त्यांची गोडी टिकून होती.

म्हणून मुलांच्या वाचनाची नोंद ठेवूच नये का? तसं मला वाटत नाही. मुलांना पुस्तकं देऊन 'मनात वाचा' म्हटलं की वाचन सुधारतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली म्हटलं होतं. मुलाने नवा शब्द स्वतः फोडून वाचला की त्याचं रूप मनात ठसतं आणि काही वेळा भेटल्यावर तो बघताक्षणी ओळखू येतो. मराठीत तर बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की व्हायला काही वर्षं जातात. प्रत्येक ओळीत अडखळावं लागलं तर सगळं लक्ष अक्षरांतच खर्ची पडतं, अर्थापर्यंत काही उरत नाही.

मुलाला नेमकं काय अडतं, हे पानांच्या संख्येवरून कळत नाही. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं; तिथेही पुस्तक घरी नेल्याची नोंद होते, वाचल्याची होत नाही.

पंचवटीतल्या एका शाळेत तिसरीच्या वर्गात मला निराळी वही दिसली. मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं वाचनाची. दोरीवर पुस्तकं टांगलेली, ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यावं. बाई रोज पाच मुलांजवळ बसतात. "एवढं वाचून दाखव बरं."

एक मुलगी वाचत होती, "म्हातारीला आचार्य वाटलं." ती थांबली. बोट मागे नेलं. "आचार्य वाटलं? छे! आश् - चर्य... आश्चर्य वाटलं!"

बाईंनी वहीत लिहिलं : 'श्च अडतं. अर्थ लागला नाही की मागे जाते, स्वतः सुधारते.'

अर्थाकडे लक्ष असल्याशिवाय मूल असं थांबत नाही. दहा पुस्तकांच्या यादीपेक्षा मला ही एक ओळ मोलाची वाटते. बाईंनी मग विचारलं, "म्हातारीला कसलं गं आश्चर्य वाटलं?"

"पुढचं वाचल्यावर सांगते, बाई."

घंटा झाली तरी पुस्तक दोरीवर गेलं नाही. बाईंनी ते घरी नेऊ दिलं, वहीत तारीख लिहून घेतली.