आषाढातला पान्हा आणि दोरीवरचे पॅड

धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आषाढ लागला होता. गोव्यात डिचोलीतलं आमचं घर जुनं, कौलारू. मागच्या पडवीत कपड्यांची दोरी. बाळ झालं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरलं आणि लंगोट-दुपट्यांच्या शेजारी गळणारं दूध टिपायला ब्लाउजच्या आत लावायचे तळहाताएवढे गोल कापडी पॅड टांगले जाऊ लागले. तिनं हौसेनं मागवलेले, बारा नग: आतून मऊ सुती कापड, मध्ये टॉवेलसारखा थर, मागे पाणी न झिरपणारं अस्तर. दोन दिवस दोरीवर असलेला एक मी हातात घेतला. वरून कोरडा वाटला. मधोमध दाबला तर बोटांना गार ओल लागली, आणि नाकाशी नेला तर ओल्या फडक्याचा तो कुबट वास आला. "ताई, हेच लावते गं मी," बहीण म्हणाली. "दुसरे वाळलेले आहेत कुठे?"

धुऊन वापरायचे पॅड घ्यावेत की वापरून टाकायचे, हा प्रश्न नव्या आया नेहमी विचारतात. उत्तरं मिळतात ती खर्चाची नाहीतर पर्यावरणाची. दोन्ही महत्त्वाचीच, पण गोव्यात तरी मी आधी एकच विचारीन: बाळ कुठल्या महिन्यात झालं?

मुळात दूध गळतं कशामुळे? त्यासाठी आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, पान्हा. वासरू कासेला लावलं की गाय पान्हावते आणि मगच धार निघते, हे गोठ्यात वावरलेल्या कुणालाही ठाऊक असतं. बाईच्या शरीरातही तेच घडतं. दूध तयार होतं ते प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे. तयार झालेलं दूध बाहेर ढकलण्याचं काम ऑक्सिटोसिनचं. बाळानं ओढायला सुरुवात केली की मज्जातंतूंतून मेंदूला खबर जाते, पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवती जाळीसारख्या पसरलेल्या पेशी आवळल्या जातात. रक्त दोन्ही बाजूंना सारखंच पोचतं, म्हणून पान्हाही दोन्हीकडे फुटतो. बाळ डावीकडे पीत असतं आणि ब्लाउज उजवीकडे भिजतो. पुढे पुढे बाळानं ओढायचीही गरज उरत नाही. त्याचं रडणं पुरतं, कधी शेजारच्या घरातल्या बाळाचं रडणंही पुरतं.

बहुतेक जणींचं हे गळणं सहा ते दहा आठवड्यांत कमी होतं, कारण तोवर बाळाची मागणी आणि दुधाचं प्रमाण यांचा मेळ बसतो. काहींना पॅड लागतच नाहीत. गळत नाही म्हणजे दूध कमी आहे, असा अर्थ कुणीही काढू नये आणि बाळंतिणीला तसं ऐकवू तर मुळीच नये. बाळ लघवी किती वेळा करतं आणि वजन कसं धरतं, यावरून दुधाचा अंदाज घ्यायचा असतो. चारचौघांत अचानक पान्हा फुटला तर हाताची घडी घालून छातीवर हलका दाब द्यावा. बऱ्याचदा धार थांबते.

आता पॅडकडे वळू. टाकायच्या पॅडमध्ये लाकडाच्या लगद्याबरोबर साखरेसारखे बारीक पांढरे कण असतात: सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. त्यांच्या लांबच लांब रेणूंवर ऋण विद्युतभार असतो. पाणी मिळालं की हे भार एकमेकांना दूर ढकलतात, रेणूंची गुंडाळी उलगडते आणि पाणी आत ओढलं जातं. हे स्वयंपाकघरात करून बघण्यासारखं आहे. एक कोरा पॅड फाडा, कण पेल्यात झाडून घ्या आणि वर पाणी ओता. क्षणात पाण्याची जेली होते. मग त्यात चमचाभर मीठ घालून ढवळा. जेली ढासळते आणि पाणी परत सुटतं. शुद्ध पाणी हा पदार्थ आपल्या वजनाच्या तीनशे पटींहून अधिक शोषतो, मिठाच्या पाण्यात मात्र तीस ते साठ पटच. अंगावरच्या दुधात सोडियम, कॅल्शियम असतंच, त्यामुळे शुद्ध पाण्याचा आकडा दुधाला लावता येत नाही. तरीही एकदा जेलीत अडकलेलं दूध दाबानं सहज बाहेर येत नाही, हा या पॅडचा खरा गुण.

सुती कापडाचं तंत्र वेगळं. कापसाच्या सेल्युलोजला पाण्याची ओढ असते आणि धाग्यांमधल्या फटींत पाणी वातीत तेल चढावं तसं चढतं. ते तिथेच राहतं, कातडीला लागून. आणखी एक गोष्ट: नव्या कापडात कापसाचा मेणकट अंश आणि खळ राहिलेली असते, म्हणून कोरे पॅड पहिल्यांदा दूध नीट पीत नाहीत. तीन-चार धुण्यांनंतर ते कामाला येतात. आपल्या आज्या बाळंतिणीला जुन्या धोतराचं, विरलेल्या लुगड्याचं फडकं देत, त्यामागे हेच शहाणपण होतं.

ओल कातडीला लागून राहण्यात धोका काय? विहिरीवर तासभर कपडे धुतले की बोटांची कातडी पांढरी पडून मऊ होते, तसंच स्तनाग्राच्या नाजूक कातडीचं होतं. वरचा थर पाणी पिऊन फुगतो, मऊ पडतो आणि बाळाच्या ओढण्यानं लवकर चिरतो. चिरेतून जंतू आत शिरतात, उबदार ओलीत बुरशी वाढते. म्हणून पॅड कुठलाही असो, भिजला की बदलायचा. टाकायचा पॅड वरून कोरडा लागतो म्हणून अर्धा दिवस तोच ठेवणं मला चुकीचं वाटतं; मागच्या प्लॅस्टिकच्या थरानं आत वाफ कोंडते. पॅड कातडीला चिकटला तर ओढू नये, कोमट पाण्यानं भिजवून सोडवावा. छाती एका जागी लाल, गरम, दुखरी झाली आणि ताप आला तर पॅडचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. अंगावर पाजणं त्यासाठी बंद करायचं नसतं.

आता पुन्हा आमच्या दोरीकडे. कापड वाळतं म्हणजे त्यातलं पाणी वाफ होऊन हवेत जातं, आणि ते जायला हवेत जागा लागते. आषाढ-श्रावणात आपल्याकडे हवेची आर्द्रता कित्येकदा नव्वद टक्क्यांच्या घरात असते. हवा आधीच भरलेली. ती आणखी पाणी घेणार कुठून? त्यात तीन-चार थर एकत्र शिवलेले आणि मागे पाणी अडवणारं अस्तर. वाफेला एकच बाजू मोकळी, म्हणून मधली ओल सर्वांत शेवटी जाते. वरून हात लावणाऱ्याला ती कळतही नाही.

कुबट वासाचंही कारण सापडलेलं आहे. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की अर्धवट वाळलेल्या कपड्यांच्या वासामागे मुख्यतः मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. तो साध्या धुण्याला दाद देत नाही, कोरडेपणातही तग धरतो आणि ओल मिळताच पुन्हा वाढतो. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. पण जिथं तो सुखानं वाढतो तिथं इतरांनाही थारा मिळतो, आणि चिरा पडलेल्या कातडीवर मला ती जोखीम नको.

यावर जुन्या घरांत उपाय होता. शेगडीत निखारे, वर बांबूची टोपली पालथी, टोपलीवर बाळाचे कपडे. आज ते काम इस्त्री करते, पण मागे पॉलियुरेथेनचं अस्तर असलेल्या पॅडला ती चालत नाही, उकळतं पाणीही मानवत नाही, अस्तर सुटतं. म्हणून आम्ही बहिणीसाठी आईच्या जुन्या मलमलच्या साडीचे चौकोन कापले. वापरताना चार घड्या, वाळताना एकच पदर. रात्री पंख्याखाली टाकले की सकाळी जवळजवळ कोरडे. वर गरम इस्त्री फिरवली की दमट चौकोनातून वाफ उठते आणि कापड खडखडीत होतं. धुताना आधी गार पाणी, मग गरम, साबण पुरता निघेपर्यंत खळबळायचं. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव मात्र नको. धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि कापडाची शोषण्याची ताकद कमी होते.

सुगंध नको म्हणण्याला दुसरंही कारण आहे, आणि ते मला फार आवडतं. १९७५ मध्ये ऑक्सफर्डच्या एडन मॅकफार्लेन या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड टांगले: एक त्याच्या आईनं छातीशी वापरलेला, दुसरा परक्या आईचा. दोन दिवसांच्या बाळांना फरक पडला नाही. सहा दिवसांची बाळं मात्र जास्त वेळ आपल्या आईच्या पॅडकडे तोंड वळवून राहिली. ज्या वासानं बाळ आई ओळखतं त्यावर गुलाबाचं अत्तर ओतू नये, टाकायच्या पॅडमध्येसुद्धा.

कचऱ्याची बाजूही खरीच आहे. नवजात बाळ दिवसातून आठ-बारा वेळा पितं. दर दुसऱ्या वेळी जोडी बदलली तरी रोज आठ ते बारा पॅड. त्यांतलं प्लॅस्टिक कुजत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा वस्तू नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितल्या होत्या. गोव्यातल्या साळगावच्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून वायू होतो. त्यात असा पॅड मिसळला तर कुणाच्या तरी हातांनी तो वेगळा करावा लागतो. कापडही आपोआप निर्दोष ठरत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण विभागानं २००८ मध्ये कापडी आणि टाकायच्या लंगोटांचा हिशेब मांडला तेव्हा धुण्याची आणि वाळवण्याची पद्धतच निर्णायक ठरली. यंत्रात तापवून वाळवलं तर कापडाचा फायदा घटत जातो.

म्हणून दिवाळीनंतर बाळंत होणाऱ्या बाईला मी निःशंकपणे कापडी पॅड सुचवीन. आपलं ऊन ते दुपारपर्यंत वाळवून देतं. पावसाळ्यात घरी मलमलचे चौकोन, आणि रात्री किंवा दवाखान्यात जाताना बिनवासाचे टाकायचे पॅड. यात कुणी कमीपणा वाटून घेऊ नये. बहिणीनं तेच केलं. पहिल्या पंधरवड्यात दोरीवर रोज वीस चौकोन असत. श्रावणात दहा झाले. चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायच्या गडबडीत मी मागच्या पडवीत गेले, तर दोरीवर दोनच होते, आणि दोन्ही आतपर्यंत कोरडे.