खोताचा वाडा: खळे, ओटी, माजघर आणि त्यामागची खोती

कोकणात खोताच्या वाड्याच्या आठवणी निघाल्या की काही गोष्टी हमखास येतात. पडवीतला झोपाळा, माळ्यावर अढीत घातलेल्या आंब्यांचा वास, आगरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, भर दुपारी कुरकुरणारा रहाट, मे महिन्यात मांडवाखाली ओळीने पडलेली अंथरुणे. गडग्यापलीकडच्या (दगडी कुंपणापलीकडच्या) वाडीत, कुळांच्या घरात वाढलेल्यांना तोच वाडा वेगळा आठवतो: दिवाळीनंतर डोक्यावरून भाताची ओझी जिथे नेऊन टाकायची ती जागा. दोन्ही आठवणी एकाच खळ्यातल्या आहेत. वाड्यातली एकेक जागा कशासाठी होती, ती कोणाच्या कष्टावर टिकली आणि १९५० नंतर इतके वाडे का कोसळले, हे समजून घ्यायचे तर आधी खोती समजून घ्यावी लागते.

खोत हा मुळात साऱ्याच्या, म्हणजे जमिनीवरच्या सरकारी कराच्या, वसुलीचा मक्तेदार. आदिलशाहीच्या काळात किनारपट्टीवरची ओस पडलेली गावे पुन्हा लागवडीला आणायची होती. त्यासाठी पदरचा पैसा घालणारा, माणसे आणून वसवणारा आणि गावाचा ठरलेला सारा हमखास भरणारा माणूस सरकारला हवा होता. हा मक्ता हळूहळू वंशपरंपरागत झाला. खोतांत ब्राह्मण घराणी पुष्कळ, पण मराठा आणि मुसलमान खोतही होते. पेशवाईत या घराण्यांची भरभराट झाली आणि रत्नागिरी जिल्ह्यात व कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या काही भागात ‘खोत म्हणजेच गावाचा मालक’ अशी समजूत रुजली. तो खरोखर मालक की नुसता वसुली करणारा, हा वाद इंग्रज अमदानीत दीर्घकाळ चालला. १८८० च्या खोती कायद्याने त्यावर तडजोड काढली, वाद मात्र मिटवला नाही.

खोती गावातल्या जमिनीचे तीन प्रकार लक्षात ठेवले की पुढचे सगळे उलगडते. धारेकऱ्याची जमीन त्याच्या स्वतःच्या हक्काची. तो ठरलेला धारा खोतामार्फत भरी आणि खोताला त्यावर फारसे काही मागता येत नसे. खोती खासगी म्हणजे खोताच्या घरची जमीन, वाड्यालगतचे आगर आणि चांगले मळे बहुधा यात येत. उरलेली, आणि बऱ्याच गावांत बहुतेक, जमीन खोती निसबत. ती कुळे कसत आणि पिकाचा हिस्सा खोताला देत. निम्मे देणारा अर्धेली, तिसरा हिस्सा देणारा तिर्धेली. भातजमिनीला बहुधा निम्मे आणि नाचणी-वरीच्या वरकस डोंगराला तिसरा हिस्सा, असा सर्वसाधारण रिवाज होता.

हा हिस्सा ठरायचा कसा, यात खरी मेख होती. पीक उभे असतानाच खोत किंवा त्याचा कारकून शेतात फिरून किती भात होईल याचा अंदाज बांधी. याला अभावणी म्हणत. अंदाज झाला की तो आकडा कायम. नंतर परतीच्या पावसाने भात आडवे झाले, लोंब्या झडल्या, तरी हिशेब अभावणीवरच. दुसरी मेख मापात होती. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. म्हणजे खंडीला २४० पायल्या. पायली सपाट भरायची की शिगोशीग, म्हणजे काठावर ढीग येईल अशी, यावर सगळे अवलंबून असे. शिगेत अर्धा शेर जास्त जातो असे धरले, तर खंडीमागे १२० शेर, म्हणजे ३० पायल्या भात हिशेबात न दिसता जाई. मोजणारा पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे, आणि दोनपासून पुढे मोजू लागे. लाभ कोणाचा, हे मापाच्या तोंडावर उभ्या राहिलेल्या शिगेवरून कळत असे.

माप घातले जाई ते खळ्यात. वाड्यापुढच्या या चोपलेल्या अंगणाला खळे म्हणतात, कारण झोडणी-मळणी तिथेच होई. खळ्यातून दोन-तीन पायऱ्या चढल्या की पडवी, मग ओटी, ओटीच्या आत माजघर, माजघराला लागून देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची अंधारी खोली आणि भाताचे कोठार. कोठाराचे दार माजघरात उघडत असे, बाहेर नाही. भात खळ्यातून आत जाई, पण त्याच्यावर नजर घरातल्यांची राही. ओटीवर खोताची बैठक, दप्तराची पेटी आणि भिंतीतला फडताळ. माणूस कुठपर्यंत येणार हे या क्रमाने ठरलेले असे. कूळ खळ्यात किंवा पडवीच्या पायरीशी, बरोबरीचे पाहुणे ओटीवर, नात्यातल्या बायका माजघरात, आणि गावाने अस्पृश्य ठरवलेली माणसे गडग्याबाहेर. घराच्या नकाशातच गावची उतरंड बांधलेली होती, म्हणून ‘ओटीवर बसवले’ या साध्या शब्दांना तेव्हा फार अर्थ होता.

आता बांधणीकडे. भिंती जांभ्या दगडाच्या. जांभा जमिनीत असताना मऊ असतो, म्हणून हातहत्यारांनी चिरा, म्हणजे बांधकामाचा ठोकळा, काढता येतो; वारा-ऊन लागून तो घट्ट होतो. जाणते गवंडी ताजा चिरा लगेच भिंतीत घालत नसत. एक पावसाळा उघड्यावर ठेवला की त्यातली भुसभुशीत माती धुऊन जाते आणि कच्चा चिरा आपोआप ओळखू येतो. भिंत दीड ते दोन फूट जाडीची, सांधे बहुधा मातीचे, ऐपत असेल तिथे शिंपल्यांच्या चुन्याचे. खांब आणि तुळया फणस, ऐन, किंजळ किंवा सागाच्या. जोते उंच, कारण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाणी भिंतीच्या पायाशी थांबले की घराचे आयुष्य सरते.

छपराची गोष्ट थोडी वेगळी. ‘पूर्वापार कौलारू’ असे आपण म्हणतो, पण मंगळुरी कौल कोकणी वाड्यावर फार उशिरा आले. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि नंतर ही कौले गलबतांतून बंदराबंदरांत उतरू लागली. त्याआधी छपरावर गवत, पेंढा किंवा कुंभाराचे नळे असत. जुने कौल उलटून त्यावर १८६५ उठवलेले दिसले की ‘वाडा तेव्हाचा’ असे बरेचजण धरून चालतात. ते कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे. कौल पुढे कधीही भाजलेले असू शकते. वाड्याचे वय जोत्यावरून, खांबांवरून आणि कागदांवरून काढावे, कौलांवरून नव्हे.

शंभर चौरस फूट छपराला साधारण दीडशे मंगळुरी कौले लागतात. ती एकमेकांच्या खाचेत बसतात, रिपेवर नुसती टेकलेली असतात, खिळा नसतो. म्हणून दरवर्षी मे महिन्यात शाकारणी. आधी आढ्यावरचे, म्हणजे छपराच्या माथ्यावरचे, कोने (कोनाची कौले) उतरवायचे, मग वरून खाली येत कौले काढायची. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहायचे: खणखणीत आवाज आला तर चांगले, बद्द आला तर तडा. शेवाळ खरवडायचे, कुजलेली रीप बदलायची, पागोळीकडच्या वाशांची टोके सुऱ्याने टोचून पाहायची, कारण वासा कुजतो तो टोकापासून. नंतर पागोळीकडून वर चढत कौले पुन्हा बसवायची आणि शेवटी कोने चुन्यात. वर चढणाऱ्याने पाय ठेवायचा तो खाली वासा असेल तिथे. कौलाच्या मधोमध ठेवला की ते गेले. सर्वांत जास्त गळती होते ती दोन छपरे कोनात मिळतात त्या पन्हळीत. तिथे आंब्या-फणसाची पाने साचली की पाणी मागे तुंबते, कौलांखालून भिंतीच्या माथ्यावर उतरते आणि मातीचे सांधे धुऊ लागते. एक पावसाळा भिंत नुसती ओली दिसते, दुसऱ्या वर्षी पोट काढते, तिसऱ्या वर्षी चिरे निखळतात.

पाऊस गेला की खळ्याची पाळी. जमिनीत ओल असतानाच वरचा चार बोटांचा थर उकरायचा, ढेकळे फोडायची, पाणी शिंपून सपाट करायचे आणि पाणी जिरून माती हाताला चिकटेनाशी झाली की चोपण्याने चोपायचे. ओले असताना चोपले तर माती चोपण्याला उचलून येते, उशीर केला तर भेगा पडतात. मग शेणाचे सारवण, पातळ हाताने. दाट घातले की वाळल्यावर पापुद्रे सुटतात. वर झापांचा (विणलेल्या नारळाच्या झावळ्यांचा) मांडव, जो मृगाआधी उतरवायचा. आगरात शिंपणे वेगळेच: विहिरीवर रहाट, त्याच्या माळेला बांधलेले लोटे, तो फिरवायला रेडा किंवा बैल, आणि पाटाने पोफळींच्या आळ्यांत जाणारे पाणी.

हे सगळे काम करायचे कोणी? खोताच्या घरच्या चार माणसांच्याने ते होणारे नव्हते. कुळांनी हिश्शाशिवाय वेठही द्यायची असे: काही दिवस नांगर घेऊन यायचे, शाकारणीला माणसे द्यायची, खळे चोपायचे, लाकडे फोडून द्यायची, बायकांनी भात कांडायचे. याची मजुरी नसे, फार तर जेवण. वाड्याचा नीटनेटकेपणा, ते गुळगुळीत सारवलेले खळे, न गळणारे छप्पर, या वेठीतून आलेले होते. वाड्याच्या सुंदर आठवणी सांगताना हे सोडून देणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

खोत घराणीही सगळी सुखात नव्हती. पिढीगणिक हिस्से पडत. खोतीचे आणे-पैचे वाटे होत आणि भाऊबंद पाळीपाळीने वर्षभर वहिवाटदार होत. ज्याची पाळी, तो त्या वर्षी जमेल तेवढे वसूल करून घेई आणि दुरुस्ती पुढच्यावर ढकली. लोकमान्य टिळकांचे घराणे दापोली तालुक्यातल्या चिखलगावचे खोत. साने गुरुजींचे घराणेही पालगडचे खोत; आजोबांच्या वेळचे वैभव वडिलांच्या काळात उतरले आणि घरावर जप्तीची वेळ आली.

कुळांनी उघड झुंज दिली ती अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ साली सुरू झालेला संप सहा वर्षे टिकला. लोकांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असे ठरवले, शेते पड ठेवली, लाकूडफाटा विकून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईत आले. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती संपवणारा कायदा १९४९ साली झाला आणि १९५० मध्ये अमलात आला. त्यापाठोपाठ कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला आणि कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार ठरले.

इथून पुढे वाड्याचे काय झाले ते शाकारणीच्या हिशेबातच दिसते. कोठारात भात येणे थांबले, वेठ थांबली, आणि तेच काम रोख मजुरीने करून घ्यायला घरात रोकड नव्हती. मुले शिकून मुंबई-पुण्याला गेली. चूल बंद झाली की छपरातला धूरही बंद होतो. ज्या धुराने वासे काळे आणि वाळवीपासून सुरक्षित राहत, तो गेल्यावर कीड लागायला वेळ लागत नाही. बंद घरात सारवण नाही, पन्हळ साफ करायला कोणी नाही. त्यात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यातली छपरे आणि पोफळीची आगरे एका दिवसात उघडी केली. अनेक घरांवर कौलांऐवजी पत्रे चढले. पत्रा गळत नाही हे खरे, पण दुपारी तापतो, आणि कौलांच्या फटींतून खेळणारा वारा बंद झाल्याने आतली लाकडे दमट राहतात. मातीच्या सांध्यांच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करणे ही तर सर्वांत नेहमीची चूक. ओल आत अडकते, गिलाव्यामागे चिरा भुसभुशीत होतो आणि बाहेरून काही दिसत नाही. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.

दुरुस्तीत पैशाआधी अडते ते कागदावर. सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर सामाईक म्हणून वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी हयात नाहीत, वारसनोंदी झालेल्या नाहीत. एकाची संमती नसली तरी भिंतीला हात लावता येत नाही. म्हणून ज्यांना वाडा वाचवायचा आहे त्यांनी आधी वारसनोंदी पुऱ्या कराव्यात, सर्वांच्या सह्यांनी एकाला दुरुस्तीचा अधिकार द्यावा आणि तोवर निदान पन्हळ, आढे आणि पागोळीकडचे वासे एवढे तरी दर मे महिन्यात बघून घ्यावेत. किल्ली बहुधा शेजारच्या वाडीतल्या एखाद्या घरी असते. शाकारणीला येणारी माणसे पुष्कळदा त्याच जुन्या कुळांच्या घरची असतात. आता ती स्वतःच्या नावावरच्या जमिनीची कामे उरकून येतात, रोज ठरवून घेतात, आणि दुपारचा चहा ओटीवर बसून पितात.